रविवारचं विमान

आम्ही पिंपळे गुरवहून बोलतोय.

गेल्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जमागणीचा अर्ज आला. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, गावाकडच्या घराचे पत्रे, मुलीचं बाळंतपण, असे अर्ज आमच्या रोजच्या सवयीचे. हा वेगळा होता. गटातल्या एका ताईंची मुलगी अकरावीला आहे, तिला विमान चालवायला शिकायचंय. कुणी एकाने त्यांना सांगितलं की आधी खाजगी वैमानिकाचा परवाना काढा, आठ-दहा महिन्यांत पोरगी पायलट आणि लगेच पगार सुरू. नाव नोंदवायला आत्ता पंचवीस हजार भरा. ताईंनी अर्जात कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मुलीचे विमान’.

बाया हसल्या. एकीनं विचारलं, विमान लावणार कुठं, डायनासोरच्या बागेत का? ताई म्हणाल्या, "हसा खुशाल. पण तो परवाना म्हणजे नक्की काय, तेवढं सांगा." कुणालाच सांगता येईना. आम्हालाही नाही. पंचवीस हजारांवर सही करायची तर आधी माहिती पाहिजे, म्हणून ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला आणि आम्ही शोधायला लागलो. जे सापडलं ते एवढं रंजक निघालं की म्हटलं, रेडिओवर सगळ्यांनाच सांगू.

तर आधी परवाना. गाडीचं जसं खाजगी आणि भाड्याचं असं वेगळं असतं, तसंच विमान चालवण्याचंही आहे. खाजगी परवाना काढणाऱ्याला स्वतः विमान उडवता येतं, बायकोमुलांना, आईवडिलांना, मित्रांना सोबत नेता येतं. मात्र त्याबद्दल एक रुपयाही मोबदला घेता येत नाही. वय १७ पूर्ण, शिक्षण दहावी, डॉक्टरी तपासणी, हवामान, नकाशा, नियम यांच्या लेखी परीक्षा आणि निदान ४० तासांचं उड्डाण, एवढं केलं की तो मिळतो. म्हणजे हा हौसेचा कागद आहे. पगाराचा कागद दुसरा. त्याला व्यावसायिक परवाना म्हणतात. त्याला २०० तास लागतात, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागत आलंय, डॉक्टरी तपासणीही जास्त कडक, आणि खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. ताईंना ज्याने सांगितलं त्याने हे दोन कागद एकमेकांत मिसळून सांगितले होते. चुकून की मुद्दाम, ते त्यालाच ठाऊक.

मग आमच्या मनात आलं, हा हौसेचा कागद काढतं तरी कोण? रविवारी घरच्यांना विमानात बसवून फिरायला नेणारी माणसं खरंच असतात का?

असतात. अमेरिकेत तर भरपूर. तिथं लोकांच्या वापरासाठी खुली असलेली लहानमोठी विमानतळं पाच हजारांच्या आसपास आहेत, बरीचशी आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडएवढी. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आपल्या मंडळींपैकीही काहींनी असे परवाने काढलेत. शनिवारी सकाळी चार आसनांचं भाड्याचं विमान घ्यायचं, तासाभरावरच्या गावी उतरायचं, तिथल्या खानावळीत खायचं, संध्याकाळपर्यंत परत. या खाण्याला तिकडचे वैमानिक गमतीनं ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणतात, कारण बर्गर स्वस्त, पण तिथवर जायचं पेट्रोल आणि भाडं महाग. अशा सहलींत सगळ्यात जास्त दिसणारं विमान म्हणजे सेसना १७२. ते १९५० च्या दशकापासून बनतंय आणि आजवर ४० हजारांहून जास्त बनली आहेत. त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. आमच्या बायांना यातली एकच गोष्ट फार आवडली. निघण्याआधी वैमानिक प्रत्येकाला वजन विचारतो आणि ते खरं सांगावंच लागतं. पेट्रोलची टाकी भरलेली असेल तर चारही आसनांवर धष्टपुष्ट माणसं बसवता येत नाहीत. एक तर माणूस कमी करा, नाहीतर पेट्रोल. पुढं कोण, मागं कोण, पिशवी कुठं ठेवायची, याचाही हिशेब कागदावर मांडायचा. घरच्यांना घेऊन उडायचं म्हणजे आधी हिशेब आणि मग हौस.

आणि हा हिशेब चुकला की काय होतं, तेही सांगायला हवं. अमेरिकेचे एके काळचे राष्ट्राध्यक्ष केनेडी, त्यांचा मुलगा खाजगी परवानाधारक होता. १६ जुलै १९९९ ला शुक्रवारी संध्याकाळी तो बायकोला आणि मेहुणीला घेऊन नात्यातल्या लग्नाला निघाला. अंधार पडलेला, हवेत धुकट, खाली समुद्र. जमीन कुठं नि आभाळ कुठं हे कळेनासं झालं आणि विमान समुद्रात गेलं. तिघंही गेले. आपल्याकडच्या वयस्क बायांना संजय गांधींचा दिल्लीतला अपघात आठवत असेल, जून १९८० मधला. तेही हौशी वैमानिकच. सुरुवातीचा खाजगी परवाना डोळ्यांनी दिसेल तेवढ्याच हवेत उडायचा असतो. ढगात शिरायचं नाही. आपल्याकडे चार महिने पावसाळा, तेव्हा सह्याद्रीवर हौसेनं उडायचं नावही काढायला नको.

आता आपल्या देशाची गोष्ट. हिची सुरुवात होते एका समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीत. जे.आर.डी. टाटा लहान असताना त्यांचं कुटुंब उन्हाळ्यात फ्रान्समध्ये हार्डेलो नावाच्या किनाऱ्यावर राहायला जायचं. शेजारीच घर होतं लुई ब्लेरिओ यांचं. १९०९ साली विमानातून इंग्लंड-फ्रान्समधली खाडी पहिल्यांदा ओलांडणारे ते हेच. त्या वाळूवर विमानं उतरायची. पंधराव्या वर्षी जे.आर.डीं.ना तिथं एक फेरी मारायला मिळाली आणि पोरगा वेडा झाला. पण शिकायला मिळायला आणखी नऊ-दहा वर्षं गेली, कारण हिंदुस्थानात शिकवणारं कुणी नव्हतं. १९२८ साली मुंबईत जुहूला विमानतळाची जागा झाली, मुंबई आणि दिल्लीत फ्लाइंग क्लब निघाले. या क्लबांना सरकारनं विमानं आणि अनुदान दिलं होतं. हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. आपल्या गटाला फिरता निधी मिळतो तेव्हा नाकं मुरडणारे लोक असतात, तर साहेबांच्या आणि शेटजींच्या हौसेलाही सरकारी अनुदानच लागलं होतं, एवढं ध्यानात असू द्या. १० फेब्रुवारी १९२९ ला जे.आर.डीं.ना परवाना मिळाला. त्याच्यावर क्रमांक होता एक. या देशात दिलेला तो पहिला वैमानिक परवाना.

पुढं १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपालाची पिशवी आणली. वजन अवघं पंचवीस किलो. तिथून टाटांची विमान कंपनी उभी राहिली, तीच पुढं एअर इंडिया झाली. यातली एक बारीक गोष्ट आपल्या भागाची आहे. जुहूची जागा म्हणजे नुसता चिखलाचा पट्टा. पावसाळ्यात भरतीचं पाणी आत यायचं. मग सगळा संसार पुण्याला हलवायचा, आणि विमानं उतरायची येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानात. लोहगावचा विमानतळ व्हायचा होता. आज आमच्या पिंपळे गुरववरून लोहगावची विमानं जातात, बैठक चालू असली की आम्ही मिनिटभर बोलणं थांबवतो. तेव्हा मात्र येरवड्याच्या मोकळ्या माळावर बायाबापडे नुसते बघत उभे राहत असतील.

हौस तेव्हा राजांची आणि धनिकांची होती यात शंका नाही. कोल्हापूरचा विमानतळसुद्धा १९३९ चा, छत्रपती राजाराम महाराजांनी करवलेला. पण आम्ही शोधत होतो बाया. आणि त्या आमच्या अंदाजापेक्षा फार लवकर सापडल्या. १९३२ साली उर्मिला पारीख यांना परवाना मिळाल्याची नोंद आहे. १९३६ साली लाहोरला सरला ठकराल यांनी परवाना काढला. त्यांचं वय २१, घरी चार वर्षांची मुलगी, अंगावर साडी. साडी नेसूनच त्या दोन पंखी जिप्सी मॉथ विमानात चढल्या. सासरी नऊजण वैमानिक. नवरा कराची-लाहोर टपाल विमान चालवायचा, आणि सुनेनं शिकावं असा आग्रह सासरच्यांचाच. त्यांनी हजार तास विमान चालवलं. मग व्यावसायिक परवाना काढायला त्या जोधपूरला गेल्या. १९३९ साली नवरा विमान अपघातात गेला. पाठोपाठ महायुद्ध सुरू झालं आणि नागरी शिक्षण बंद पडलं. चोविशीत वैधव्य, पदरात लहान मुली. हौसेचा कागद हातात होता, पोट भरायचा कागद मिळता मिळता राहिला. सरलाबाई लाहोरला चित्रकला शिकल्या, फाळणीनंतर दिल्लीत आल्या आणि कापडावरची नक्षी आणि दागिन्यांची रेखाटनं करून त्यांनी संसार उभा केला.

ही गोष्ट आम्ही बैठकीत सांगितली तेव्हा ब्लाउजवर आरीकाम करणाऱ्या आमच्या एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे आभाळातनं उतरून शेवटी सुईदोराच." सगळ्या गप्प झाल्या.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं, पण हळूहळू. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचं एक विमान कोलकात्याहून सिलचरला गेलं. त्यात सगळ्या कर्मचारी स्त्रिया होत्या आणि कप्तान होत्या आपल्या मराठी सौदामिनी देशमुख. आज भारतात विमान चालवणाऱ्यांत बायांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास सांगतात, जगात ते ५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे या एका बाबतीत आपण पुढं आहोत. वर आभाळात आपण पुढं होतो, तेव्हा खाली पिंपरीत काय होतं तेही ऐका. १९७४ साली टेल्को कंपनीची इंजिनिअरांसाठी जाहिरात आली. तिच्यात छापलं होतं की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीनं संतापून थेट जे.आर.डीं.ना पोस्टकार्ड पाठवलं. तिला मुलाखतीला पुण्याला बोलावलं आणि ती नोकरीला लागली. त्याच पुढं सुधा मूर्ती. देशातला पहिला वैमानिक ज्या उद्योगसमूहाचा प्रमुख, त्याच्याच कारखान्याच्या दारावर अशी पाटी होती, आणि ती काढायला एक पोस्टकार्ड पुरलं. इतकी वर्षं ते कुणी टाकलंच नव्हतं.

मग आपल्याकडे रविवारचं विमान का रुजलं नाही? पैसा हे पहिलं कारण, ते सांगायला नको. तासाच्या उड्डाणाला हजारो रुपये लागतात. लहान विमानाचं पेट्रोल वेगळं असतं. ते २०२२ पर्यंत बाहेरून आणायला लागायचं, तेव्हा कुठं गुजरातेत इंडियन ऑइलनं बनवायला सुरुवात केली. दुसरं कारण जागा आणि परवानग्या. लोहगाव हवाई दलाचं, तिथं लढाऊ विमानं. हौशी माणसानं सकाळी उठून "चला गं, कोल्हापूरला अंबाबाईला जाऊन येऊ" म्हटलं तर होत नाही. प्रत्येक उड्डाणाआधी हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक घ्यावा लागतो. हे नियम असायलाच हवेत, आमची त्याबद्दल तक्रार नाही. पण फिरायला जायची मजा त्यात निम्मी संपते, हेही खरं.

तरी वेड लागलेली माणसं असतातच. कॅप्टन अमोल यादव यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. हे मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीनं वैमानिक. मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बनवलं. तेही सहा आसनांचं, म्हणजे अख्खं कुटुंब बसेल असं. एक-दोनदा जमलं नाही, तरी सोडलं नाही. पुंजी कुटुंबाची. २०१६ साली वांद्र्याच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनासाठी ते विमान क्रेन लावून गच्चीवरून उतरवलं. नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं, उडवायची परवानगी २०१९ ला, आणि पुढं धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. बनवायला जेवढी वर्षं लागली त्याच्याखालोखाल कागदांना. त्या घरातल्या बायकांनी गच्चीवर इतकी वर्षं पापड-कुरडया कुठं वाळवल्या, हा प्रश्न आमच्या गटात बराच वेळ चालला. कुठल्याच बातमीत त्याचं उत्तर सापडलं नाही.

शेवटची गोष्ट आमच्या सगळ्यात आवडीची. मुंबईत बोरिवलीची आरोही पंडित. २०१९ च्या मे महिन्यात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिनं ‘माही’ नावाच्या हलक्या विमानातून एकटीनं अटलांटिक महासागर ओलांडला. स्कॉटलंडहून निघून आइसलँड, ग्रीनलँड करत कॅनडा. एवढ्या हलक्या विमानातून एकटीनं तो महासागर ओलांडणारी ती जगातली पहिली बाई. ते विमान किती हलकं? आपल्या एका धष्टपुष्ट म्हशीपेक्षाही कमी वजनाचं. मग १५ ऑक्टोबर २०२१ ला तिनं जे.आर.डीं.ची जुनी वाट पुन्हा उडून दाखवली. कराची आता परदेशात, म्हणून ती निघाली कच्छमधल्या भुजहून आणि अहमदाबाद करून जुहूला उतरली.

आणि भुजची ती धावपट्टी कुणाची, माहीत आहे? डिसेंबर १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकून खड्डे पाडले होते. आपली विमानं उडेनात. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, नाव ऐकूनच कळेल कुठले ते. मजूर मिळेनात. तेव्हा शेजारच्या माधापर गावच्या तीनशे बाया पुढं आल्या. तान्ही लेकरं शेजारणींकडे ठेवून आल्या. वरून दिसू नये म्हणून हिरवी लुगडी नेसल्या, धावपट्टी लपवायला शेण सारवलं. भोंगा वाजला की झुडपात लपायच्या, थांबला की पुन्हा घमेलं डोक्यावर. ७२ तासांत धावपट्टी तयार झाली. विमानं उडाली. त्या बायांना विमानात बसवून कुणी फिरवून आणलं का, ते काही वाचायला मिळालं नाही. पण पन्नास वर्षांनी बोरिवलीची एक मुलगी त्याच पट्टीवरून स्वतः विमान चालवत निघाली.

विमानातून फिरण्याची गोष्ट सांगताना लोक वर बघूनच सांगतात. खाली जमीन कुणी सपाट केली, वर्गणी कुणी दिली, घर कुणी सांभाळलं, हे विचारलं की मग बाया दिसायला लागतात. आम्हाला तरी तसंच वाटलं.

तर पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं मांडलं. दोन परवाने फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले. तास, शिक्षण, खर्च, पगार. खाजगी परवान्यापुढं पगाराच्या रकान्यात शून्य. ताई बराच वेळ त्या शून्याकडे बघत होत्या. नाव नोंदवायला पैसे मागणाऱ्या माणसाला त्यांनी तिथूनच फोन लावला आणि विचारलं की या परवान्यावर नोकरी मिळते असं लिहून द्याल का. त्यानं फोन ठेवला, पुन्हा उचलला नाही.

मुलगी आईबरोबर आली होती. ती म्हणाली, मला माहीत होतं, पण घरात माझं ऐकतं कोण? मग तिनंच सांगितलं की आधी बारावी, मग डॉक्टरी तपासणी, डोळ्यांत काही दोष निघाला तर लाखाच्या आधीच कळलेलं बरं. शिष्यवृत्त्या, शैक्षणिक कर्ज, त्याची माहिती तिनं वहीत काढून आणली होती. आमच्यापेक्षा बरी काढली होती. चाळीस लाख कुठून येणार, हे तिलाही सांगता आलं नाही, आम्हालाही नाही. हडपसरला सरकारचं ग्लायडिंग केंद्र आहे, बिनइंजिनाचं विमान दोरानं ओढून वर सोडतात. तिकीट काढून तिथं साध्या माणसांनाही बसायला मिळत आलंय. ते चालू असेल तर सगळ्या गटानं एका रविवारी जायचं ठरलंय. वजन खरं सांगायची तयारी ज्यांची आहे त्यांनी नावं द्यायची. आत्तापर्यंत चार आली आहेत.

ताईंनी जुना अर्ज मागं घेतला आणि नवा दिला. गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिकवणीसाठी नऊ हजार. कारणाच्या रकान्यात मात्र त्यांनी पुन्हा तेच लिहिलंय, ‘मुलीचे विमान’. सचिवताईंनी ते तसंच वहीत उतरवून घेतलं. नऊ हप्ते, पहिला येत्या दहा तारखेला.